घशातली खवखव आणि सांध्यांतली सूज

ऑलिव्ह तेलात इबुप्रोफेनसारखे काम करणारा एक पदार्थ असतो. इबुप्रोफेनने सांध्यांची सूज व वेदना कमी होतात. म्हणून रोज ऑलिव्ह तेल खाल्ले तर आमवात आटोक्यात येतो. ही तीन विधाने एकापाठोपाठ एक वाचली तर तर्क अगदी सरळ वाटतो. आरोग्यविषयक सदरांत, तेलाच्या जाहिरातींत आणि घरोघरच्या सल्ल्यांत तो वारंवार भेटतो. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरेही खरे आहे. तिसरे मात्र त्या दोहोंतून निघत नाही. ते का निघत नाही याची तपासणी विज्ञान शिकवणाऱ्याला उपयोगी पडेल, कारण आहार आणि रोग यांविषयीचे बहुतेक दावे याच घाटाचे असतात.

येथे आमवात म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस असे धरले आहे. उतारवयात सांध्यांची झीज होऊन गुडघे दुखतात, तो विकार वेगळा. आमवातात शरीराची स्वतःची प्रतिकार यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अशा रोगांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. शंभर माणसांत साधारण एखाद्याला, किंवा त्याहून थोड्या कमी प्रमाणात, हा रोग होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते.

एका पानाचा निबंध

या साऱ्या चर्चेच्या मुळाशी 'नेचर' या नियतकालिकात सप्टेंबर २००५ मध्ये आलेला एक अतिशय छोटा निबंध आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मॉनेल केमिकल सेन्सेस सेंटर ही चव आणि गंध यांवर संशोधन करणारी संस्था आहे. तेथील गॅरी बोशाँ १९९९ साली सिसिलीतील एरिचे गावी एका परिषदेला गेले होते. तेथे ताजे ऑलिव्ह तेल चाखताना त्यांच्या घशात एक विशिष्ट खवखव झाली. जिभेला काही नाही, फक्त घशाला. ही खवखव त्यांच्या ओळखीची होती, कारण द्रवरूप इबुप्रोफेनच्या चवीवर त्यांच्या संस्थेत काम झाले होते आणि ते औषधही घशाला असेच लागते.

यापुढचे काम रसायनशास्त्राच्या दृष्टीने नमुनेदार आहे. तेलातला खवखव निर्माण करणारा रेणू वेगळा काढण्यात आला. पण वेगळा काढलेला पदार्थ पूर्ण शुद्ध आहे आणि परिणाम त्याचाच आहे, हे कशावरून? म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एमॉस स्मिथ यांच्या सहकार्याने तोच रेणू प्रयोगशाळेत बनवला गेला आणि घशाला न झोंबणाऱ्या मक्याच्या तेलात मिसळून चाखून पाहिला गेला. खवखव तशीच झाली आणि रेणूचे प्रमाण वाढवले तशी ती वाढली. या रेणूला ओलिओकँथाल असे नाव देण्यात आले. 'ओलिओ' म्हणजे ऑलिव्हचा, 'कँथ' म्हणजे टोचणारा आणि 'आल' म्हणजे अल्डिहाइड. पुढे २०११ साली असेही दिसून आले की ओलिओकँथाल आणि इबुप्रोफेन हे दोन्ही घशातील टीआरपीए-१ या एकाच संवेदक प्रथिनाला चेतवतात. बोशाँ यांच्या घशाने दिलेली साक्ष खरी ठरली.

आता औषधी गुणाकडे वळू. पेशींमध्ये सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर असते. ते ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिने बनण्याचा मार्ग मोकळा करते. प्रोस्टाग्लँडिनांमुळे वेदना, ताप, सूज वाढतात. इबुप्रोफेन या विकराला अडवते. संशोधकांना परीक्षानळीत असे आढळले की ओलिओकँथालही त्याच विकराला अडवते. इतकेच नव्हे, तर २५ मायक्रोमोलर या समान संहतीला ओलिओकँथालने विकराची साधारण निम्मी क्रिया थांबवली, तर इबुप्रोफेनने २० टक्क्यांहून कमी.

येथवर निबंधात हरकत घेण्यासारखे फारसे नाही. चवीतील साम्यावरून औषधी गुणाचा अंदाज बांधणे आणि तो प्रयोगाने खरा ठरणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. घशाला एकसारखे लागणारे सर्वच पदार्थ एकसारखे औषध नसतात. मिरचीही घशाला झोंबते.

मात्रेचे गणित

निबंधाच्या शेवटी लेखकांनी स्वतःच एक हिशेब दिला आहे. बातम्यांमध्ये तो सहसा गाळला जातो. भूमध्य समुद्राकाठचा माणूस दिवसाला ५० ग्रॅम तेल खातो असे धरा. चांगल्या तेलात किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत ओलिओकँथाल असते असे धरा. म्हणजे दिवसाला १० मिलिग्रॅम पोटात गेले. त्यातले जास्तीत जास्त ९० टक्के शोषले गेले, तर उरले ९ मिलिग्रॅम. लेखकांच्या मते ही मात्रा प्रौढाला वेदनाशमनासाठी सुचवल्या जाणाऱ्या इबुप्रोफेनच्या सुमारे एक दशांश भरते.

हा एक दशांश कसा येतो हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला काढता येईल. ओलिओकँथालचा रेणुभार ३०४, इबुप्रोफेनचा २०६. ९ मिलिग्रॅम ओलिओकँथाल म्हणजे ९ भागिले ३०४, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिमोल. तो रेणूमागे तिप्पट प्रभावी आहे असे ढोबळमानाने धरले, तर ही मात्रा ०.०९ मिलिमोल इबुप्रोफेनच्या बरोबरीची झाली. त्याला २०६ ने गुणले की सुमारे १८ मिलिग्रॅम येतात. इबुप्रोफेनची सर्वांत लहान नेहमीची गोळी २०० मिलिग्रॅमची असते. तिचा हा जवळपास दहावा भाग झाला.

पण ही गोळी डोकेदुखीची आहे. आमवातात इबुप्रोफेन वापरायचे झाले तर मात्रा दिवसाला १२०० ते ३२०० मिलिग्रॅम लागते. मधला २४०० हा आकडा घेतला तर १८ मिलिग्रॅम हे त्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतात. पूर्ण मात्रा गाठण्यासाठी रोज साडेसहा किलोहून अधिक तेल प्यावे लागेल. आपले गृहीत चुकीचे असेल, ओलिओकँथाल तिप्पट नव्हे सहापट प्रभावी असेल, असे म्हणू. तरी तीन किलोंच्या वर तेल लागते. काही तेलांत ओलिओकँथालचे प्रमाण किलोमागे २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले आहे हे खरे आहे. तेही दुप्पट-तिप्पट धरा. किलोचा हिशेब चमच्यावर येत नाही.

शिवाय पोटात शोषले गेले म्हणजे सांध्यापर्यंत पोहोचले असे नाही. ओलिओकँथालच्या रेणूत दोन अल्डिहाइड गट आहेत. अल्डिहाइड गट अमिनो गटांशी सहज संयोग पावतात, आणि शरीरात अमिनो आम्ले व प्रथिने सर्वत्र आहेत. परीक्षानळीत विकराला भेटलेला रेणू रक्तातून जाताना तसाच राहील हे गृहीत धरता येत नाही.

लेखकांनी यावर एक तोड सुचवली होती. ॲस्पिरिन थोड्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हृदयविकारात फायदा होतो, मग थोड्या ओलिओकँथालचाही दीर्घकाळात फायदा का होऊ नये? ही तुलना आकर्षक आहे, पण ॲस्पिरिनचे वैशिष्ट्य तिने नजरेआड केले आहे. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेजला कायमचे निकामी करते. रक्तातील बिंबिकांना केंद्रक नसते, त्यामुळे त्या हे विकर पुरेसे नव्याने बनवू शकत नाहीत. म्हणून आजची थोडी मात्रा आणि उद्याची थोडी मात्रा यांची बेरीज होत जाते आणि बिंबिकेचे आठ-दहा दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत परिणाम टिकतो. इबुप्रोफेन विकराला तात्पुरते अडवते व सोडून देते. त्याच्या थोड्या-थोड्या मात्रांची अशी बेरीज होत नाही. ज्या रेणूचे वर्णन 'इबुप्रोफेनसारखा' असे करायचे, त्याला युक्तिवादाच्या शेवटी 'ॲस्पिरिनसारखा' करून चालणार नाही.

दाह शमवणे म्हणजे रोग थांबवणे नव्हे

समजा, वरचा सारा हिशेब चुकला आणि दोन चमचे तेलात इबुप्रोफेनच्या पूर्ण मात्रेइतकी ताकद निघाली. तरीही मूळ दावा उभा राहत नाही. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

आमवातात प्रोस्टाग्लँडिने ही साखळीची शेवटची कडी आहे. त्याआधी बरेच काही घडलेले असते. शरीरातील काही प्रथिनांत आर्जिनीन या अमिनो आम्लाचे रूपांतर सिट्रुलीनमध्ये होते. बऱ्याच रुग्णांत अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि तीही अनेकदा सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधी. मग सांध्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखे निरोप देणारे रेणू स्रवतात. अस्तर जाड होते, कूर्चा व हाड पोखरू लागते. इबुप्रोफेन या साखळीच्या शेवटी उभे राहून वेदना कमी करते, सकाळचा आखडलेपणा थोडा हलका करते. हाडाचे पोखरणे ते थांबवत नाही.

ते थांबवतात ती औषधे वेगळी आहेत. मेथोट्रेक्सेट हे त्यांतले प्रमुख. १९८० च्या दशकात त्याचा उपयोग सिद्ध झाला आणि आजही उपचाराची सुरुवात बहुधा त्यानेच होते. १९९० च्या दशकात लंडनच्या केनेडी संस्थेतील रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी टीएनएफला अडवणाऱ्या प्रतिपिंडाचा आमवातात उपयोग होतो हे दाखवून दिले. ही औषधे साखळीच्या वरच्या कड्यांवर काम करतात.

हाडांची हानी रोगाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सुरू होऊ शकते, आणि एकदा पोखरलेला सांधा पूर्ववत होत नाही. बोटे वाकू लागलेली तिशीतली बाई 'आधी सहा महिने तेलाचा प्रयोग करून पाहू' असे म्हणून औषध लांबणीवर टाकते, तेव्हा तिचे नुकसान तेलाच्या किमतीएवढेच होत नाही. ते सहा महिने तिला परत मिळत नाहीत.

माणसांवरचा पुरावा

रेणूच्या पातळीवरचा युक्तिवाद लंगडा असला तरी प्रत्यक्ष माणसांत फायदा दिसत असेल, तर तो मान्य केला पाहिजे. ओलिओकँथाल हा तेलातला एकच घटक आहे. हायड्रॉक्सिटायरोसॉल व इतर फिनॉली संयुगे आहेत, ओलिइक आम्ल आहे. स्पेनमध्ये सेव्हिल येथील संशोधकांनी कृत्रिमरीत्या सांधेदाह निर्माण केलेल्या उंदरांना एक्स्ट्रा व्हर्जिन तेलयुक्त आहार दिला, तेव्हा दाह आणि कूर्चेची हानी कमी झाली. मात्र कोलॅजन टोचून उंदरात उठवलेला दाह आणि माणसात वर्षानुवर्षे आपोआप वाढलेला रोग यांत मोठे अंतर आहे.

माणसांत काय दिसते? ग्रीसमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४५ रुग्ण आणि १८८ निरोगी व्यक्तींना त्यांच्या आहाराविषयी विचारण्यात आले. सर्वाधिक ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांत आमवाताची शक्यता सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा साधारण ६० टक्क्यांनी कमी आढळली. आकडा मोठा आहे. पण शिजवलेल्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांतही तसेच आढळले, आणि ग्रीसमध्ये भाज्या शिजतात त्याच ऑलिव्ह तेलात. शिवाय आजारी पडल्यानंतर माणूस आपला पूर्वीचा आहार वेगळ्या रीतीने आठवतो. याउलट, अमेरिकेतील सुमारे पावणेदोन लाख परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात आहार आधी नोंदवला गेला आणि रोगाची वाट पाहिली गेली. त्यांत ९१३ जणींना आमवात झाला. भूमध्यसागरी धर्तीचा आहार आणि रोगाची शक्यता यांत ठळक संबंध आढळला नाही. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ऑलिव्ह तेलाचे प्रमाण ग्रीसइतके नसते, तेव्हा दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडून काढतात असे म्हणता येणार नाही. पण पहिल्याचा हवाला देऊन दुसऱ्याविषयी गप्प बसणे योग्य नव्हे.

स्वीडनमध्ये काल्मार येथे ५१ रुग्णांवर १२ आठवडे प्रयोग झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. भूमध्यसागरी आहार घेणाऱ्या गटात रोगाच्या तीव्रतेचा निर्देशांक ०.५६ ने घटला. या निर्देशांकात साधारण ०.६ हून अधिक घट झाली तरच तिला दखल घेण्याजोगी सुधारणा मानतात. म्हणजे फायदा दिसला, पण माफक. आपण कोणता आहार घेत आहोत हे रुग्णांना अर्थातच ठाऊक होते.

तुलनेसाठी घेतलेले तेल

या विषयातली सर्वांत उद्बोधक गोष्ट ऑलिव्ह तेलावरच्या प्रयोगांत नाही, ती माशांच्या तेलावरच्या प्रयोगांत आहे. माशाच्या तेलाचा गुण तपासायचा तर दुसऱ्या गटाला निरुपद्रवी, निर्गुण असे काहीतरी द्यावे लागते. त्याला प्लॅसिबो म्हणतात. अनेक प्रयोगांत ही जागा ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सुलांनी भरली. एका बाजूला ज्याला औषध म्हटले जाते, तेच दुसऱ्या बाजूला 'काही नाही' म्हणून दिले गेले.

अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात ४९ रुग्ण होते आणि तो २४ आठवडे चालला. एकूण ४५ मोजमापे घेण्यात आली. माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेने २१ मोजमापांत लक्षणीय बदल दिसला, लहान मात्रेने ८ आणि ऑलिव्ह तेलाने ५. यावरून ऑलिव्ह तेलाचाही थोडा गुण असतो असा अर्थ काही जणांनी लावला. पण ४५ मोजमापे घेतली आणि प्रत्येकाला पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीही न करता दोन-एक मोजमापे नुसत्या योगायोगाने 'लक्षणीय' ठरतात. शिवाय रुग्ण प्रयोगात सामील होतो तो बहुधा त्रास वाढलेला असताना. आमवात आपोआप कमी-जास्त होणारा रोग आहे. चढलेला त्रास काही आठवड्यांनी थोडा उतरतोच, मग कॅप्सुलीत काहीही असो. पाचातले किती तेलामुळे हे सांगायला तिसरा, खरोखर निर्गुण गट हवा होता.

ब्राझीलमधील २००५ सालच्या एका प्रयोगात सोयाबीन तेल घेणारा तुलनेचा गट होता, ही चांगली गोष्ट. एकूण ४३ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला सोयाबीन तेल, दुसऱ्याला माशाचे तेल, तिसऱ्याला माशाचे तेल आणि ऑलिव्ह तेल. तिसऱ्या गटाला सर्वांत जास्त आराम पडला. ऑलिव्ह तेलाच्या बाजूने असलेला हा एक चांगला पुरावा आहे. पण नुसते ऑलिव्ह तेल घेणारा गट येथे नाही, आणि गटांत तेरा, तेरा व सतरा अशी माणसे आहेत.

आहार आणि आमवात यांविषयी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांत भूमध्यसागरी आहाराची शिफारस आहे, पण सौम्य शब्दांत आणि औषधोपचारांच्या जोडीला. पूरक गोळ्या-कॅप्सुलांची शिफारस त्यांनी केलेली नाही. युरोपीय महासंघानेही ऑलिव्हच्या फिनॉली संयुगांविषयी एकच मर्यादित दावा मान्य केला. २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सिटायरोसॉल व तत्सम संयुगे असतील, तर रक्तातील मेदद्रव्यांचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण होण्यास मदत होते, एवढाच तो आहे. दाह कमी होतो हा दावा तेथे मंजूर झाला नाही.

बाटलीत काय आहे

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही सारी चर्चा एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाची आहे, म्हणजे फळे केवळ यंत्राने दाबून काढलेल्या, शुद्धीकरण न केलेल्या तेलाची. शुद्धीकरणात फिनॉली संयुगे बहुतांशी निघून जातात. तळणासाठी म्हणून विकले जाणारे 'पोमेस' तेल तर फळे दाबून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढतात आणि मग शुद्ध करतात. ज्या रेणूच्या नावाने बाटली घ्यायची तो रेणूच तीत जवळपास नसतो. हे तेल वाईट आहे असे नाही, पण घशाला काहीच न जाणवणारे तेल घेऊन ओलिओकँथालचे गुण सांगणे हास्यास्पद आहे.

ऑलिव्ह तेल चांगले खाद्यतेल आहे. ज्याला परवडते आणि आवडते त्याने खुशाल खावे. भाज्या, कडधान्ये, मासे यांच्या जोडीने ते आमवाताच्या रुग्णाच्या ताटात असायलाही हरकत नाही. हरकत आहे ती त्याला औषधाच्या जागी बसवण्याला.

शिक्षकांना या उदाहरणातून वर्गात चार प्रश्न मांडता येतील. परीक्षानळीत जे घडले ते शरीरात घडण्याइतकी मात्रा आहारातून मिळते का? ती मात्रा मिळाली तर जे थांबते ते रोगाचे मूळ आहे की लक्षण? माणसांवरच्या प्रयोगात तुलनेचा गट कोणता होता? आणि ज्या पदार्थावर प्रयोग झाला तोच पदार्थ आपल्या हातातल्या बाटलीत आहे का? हळद, मेथी, लसूण, जवस, कोणत्याही पदार्थाच्या दाव्याला हेच प्रश्न लावून पाहावेत. एखादे वर्तमानपत्री कात्रण फळ्याशेजारी चिकटवून, त्यातले कोणते वाक्य प्रयोगातून आले आणि कोणते लिहिणाऱ्याने मध्येच जोडले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. जोडलेले वाक्य बहुधा 'म्हणून' या शब्दाने सुरू झालेले सापडेल.